कानात सांगितलेलं नाव

माझं एक नाव आहे, जे शाळेच्या दाखल्यावर नाही, आधार कार्डावर नाही आणि ऑफिसच्या हजेरीतही नाही. आमच्या घराण्यात बारशाला आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेते, दोन्ही हातांचा आडोसा करते आणि एक नाव सांगते. मग मागे सरकून दुसरंच नाव मोठ्यानं म्हणते, बायका तिच्या पाठीत हौसेनं धपाटे घालतात आणि घुगऱ्यांच्या वाट्या फिरू लागतात. मोठ्यानं म्हटलेलं नाव जगाचं. कानातलं ज्याचं त्याचं. ते पत्रिकेतल्या अक्षरावरून काढतात, आत्या आणि आईबाप सोडून कुणाला माहीत नसतं, आणि त्या नावानं कधीच कुणी हाक मारत नाही. इतर घरांत असं असतं की नाही मला ठाऊक नाही. आमच्यात होतं.

ज्याचं नाव त्यालासुद्धा ते दहा वर्षांचं झाल्यावरच कळायचं. त्याआधी लेकरांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यामागचं कारण. मला माझं नाव आत्यानं अंबडला तिच्या गच्चीवर सांगितलं. थंडीचे दिवस, दुपार कलत आलेली. गच्चीवर मोसंबीच्या साली वाळत घातल्या होत्या आणि समोर देवीची टेकडी उन्हात निवांत पडून होती. आत्यानं मला जवळ ओढलं, इकडंतिकडं पाहिलं आणि नाव सांगितलं. तीन अक्षरं. मी ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं. जिना उतरताना मला सारखं वाटत होतं की माझ्याबरोबर आणखी एक मुलगी उतरतेय, माझ्याच वयाची, पण जिला अजून कुणी पाहिलेलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी तिच्याशी बोलत असे. अजूनही कधी कधी बोलते, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

आत्या शिवणकाम करायची. अर्ध्या अंबडच्या बायकांचे ब्लाऊज तिच्या मशीनखालून गेले होते. तिच्याजवळ मापांची एक वही होती, आणि त्या वहीत एकही नाव नव्हतं. कुणासाठी पान काढलेलं, कुणासाठी तवा, कुणासाठी नुसती तीन टिंबं. कोणती खूण कुणाची ते तिच्या डोक्यात. मी लहान असताना एकदा एक बाई आल्या आणि गोड बोलून सुनेचं नवं माप विचारू लागल्या. कमरेचं माप वाढलं असेल तर दिवस गेलेत का ते त्यांना सुनेच्या आधी कळायला हवं होतं. आत्यानं सुईत दोरा ओवता ओवता मान वरही केली नाही.

"तिनं माप ब्लाऊजासाठी देलंय. तुमच्यासाठी न्हाई देलं."

बाई रागावून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. पुढे मी नोकरीत माहितीच्या सुरक्षेवरची दोन प्रशिक्षणं केली, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून दिवसभर कंटाळा आणणारी. त्यात आत्याच्या त्या एका वाक्याहून जास्त काही होतं असं मला आठवत नाही.

नोकरी लागली ती नव्या जालन्यात, एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात. स्टेशनकडून चालत दहा मिनिटं. आईबाबा आष्टीला, धाकटा भाऊ शिकायला बाहेर, आणि मी इथं एका खोलीत. माझं काम बियाण्याची उगवण तपासायचं आणि कोड सांभाळायचं. संकरित वाणाचे आईबाप कोण, हे बियाणं कंपनीचं सगळ्यात मोठं गुपित असतं. त्यामुळे चाचणीच्या प्लॉटवर पाटी लागते ती नुसत्या आकड्यांची. कोणता आकडा म्हणजे कोणतं वाण, ते एका रजिस्टरात, आणि ते रजिस्टर माझ्या कपाटात. शेतकरी, व्यापारी, दुसऱ्या कंपनीचे लोक गोड बोलून विचारायचे, मी गोड हसून चहा मागवायची. म्हणजे दिवसभर कपाशीची आणि मक्याची कुळं लपवणारी मी बाई स्वतःच्या बाबतीत किती वेंधळी होते, तेच आता सांगायचं आहे.

पहिलं ईमेल खातं उघडताना पासवर्ड मागितला तेव्हा मला एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही. जे जगात चौघांनाच ठाऊक आहे, त्याहून पक्कं कुलूप कोणतं? कानातलं नाव आणि त्यापुढे जन्मसाल. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की पुढची सगळी खाती मी त्याच किल्लीनं बंद केली. मोबाईलवर कोड पाठवून दुसऱ्यांदा खात्री करायची सोय तेव्हाही होती. ती मला कटकट वाटली.

त्या खात्यात मी लिहायची. पत्र लिहायला घ्यायचं, कुणाला ती जागा रिकामी ठेवायची आणि मजकूर तसाच मसुद्यांमध्ये पडू द्यायचा. संध्याकाळी ऑफिसातून आलं की कारखान्यांच्या बाजूला आकाश तांबूस व्हायचं, खिडकीत विझवलेल्या चुलीवरच्या दुधासारखं कोमट ऊन राहायचं, आणि मी फोनवर लिहीत बसायची. काय लिहायची? फार काही नाही. ओल्या कागदात गुंडाळलेलं बी तिसऱ्या दिवशी उघडलं की त्याला आलेला पांढरा मोड कसा लाजल्यासारखा दिसतो. मोसंबीच्या बागेत दुपारी शिरलं की उजेड हिरवा होतो आणि आपले हात पाण्याखाली असल्यासारखे वाटतात. एका सहकाऱ्याचा आवाज मला का आवडतो. आईचा मला कधी कधी किती राग येतो. स्वप्नं. पुष्कळ स्वप्नं. ती सगळी पत्रं मी त्या दुसऱ्या मुलीला लिहीत होते, गच्चीवरून माझ्यासोबत उतरलेल्या. आत शिरायचा दरवाजाही तिच्याच नावाचा होता, त्यामुळे मला ते सगळं फार बराबर जुळलेलं वाटायचं.

मग माझ्या लग्नाचं वारं सुटलं.

बाबा म्हणजे निवृत्त शाळामास्तर. प्रत्येक काम अर्जासारखं करायचे. त्यांनी आष्टीतल्या झेरॉक्सवाल्याकडं बसून माझा बायोडाटा करून घेतला. वर गणपती, चारी कोपऱ्यांत गुलाब, मधोमध मी, आत्यानं शिवलेल्या मोरपंखी ब्लाऊजमध्ये, स्टुडिओतल्या रंगवलेल्या डोंगरापुढं. खाली सगळं काही. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मस्थळ, उंची, रक्तगट, शिक्षण, ऑफिसचा पत्ता, खोलीचा पत्ता, मामांचं गाव, दोन मोबाईल नंबर, ईमेल. आणि दुसऱ्याच ओळीत, नावरस नाव. पत्रिका जुळवायला गुरुजी तेच विचारतात, म्हणून बाबांनी तिथं माझं कानातलं नाव सरळ टाइप करून घेतलं होतं.

मी चिडले. "बाबा, हे काहून लिहिलं?"

"अगं, पत्रिकेला लागतं ते. आन् लग्नाच्या कामात लपवाछपवी केली की लोकं म्हणतात, कायतरी खोट हाये. मी तर म्हणतो जेवढं लिहिलं तेवढं बरं, मानूस खरा दिसतो."

मी दोन दिवस गाल फुगवून बसले आणि मग विसरले. खरं सांगायचं तर ते नाव म्हणजे माझ्या कुलपाची किल्ली आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. खातं फोनवर कायम उघडंच असायचं, तो शब्द बोटांनी टाइप करून जमाना झाला होता. मला राग होता तो आमचं काहीतरी नाजूक चव्हाट्यावर आल्याचा. दाराचा विचार मी केलाच नाही.

बायोडाटा निघाला. समाजाच्या ग्रुपवर, वधूवर मेळाव्याच्या ग्रुपवर, निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर, मामांच्या गावच्या ग्रुपवर. मी उगवण तपासत बसलेली असायची आणि मनात यायचं, आत्ता या क्षणाला मोरपंखी ब्लाऊजमधली ती मुलगी परतूरला कुणाच्या तरी ओसरीवर बसली असेल. कुणी अंगठ्यानं तिला मोठी करून तिचं नाक पाहत असेल. कुणी जेवता जेवता पाहत असेल. तिला चहा कुणी विचारत नसणार. मला तिची दया यायची, आणि थोडी गंमतही वाटायची, की मी इथं बसून ही बया कुठं कुठं फिरून राह्यली.

त्याच दिवसांत एकदा ईमेल आला की तुमच्या खात्यात नव्या ठिकाणाहून प्रवेश झाला आहे, हे तुम्हीच होता का? आदल्या दिवशी मी फोन ऑफिसातल्या नव्या वायफायला जोडला होता. मला वाटलं, तेच. मी घाईत 'हो, मीच' दाबलं.

फोन आला तो दुपारी, मी उगवण कक्षात असताना. समोर टेबलावर ओल्या कागदाच्या गुंडाळ्या, हाताला पाणी, अनोळखी नंबर. मी मनगटानं फोन कानाशी धरला.

पलीकडून एका पुरुषानं मला हाक मारली. त्या नावानं.

आणि मी "हं" म्हटलं.

हे मला अजून सहन होत नाही. आईनं मला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. आत्यानं एकदाच, तेही हाक म्हणून नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ते मोठ्यानं उच्चारलं, आणि माझ्या आतली ती मुलगी, जी इतकी वर्षं गप्प बसली होती, तिनं वेड्यासारखी ओ दिली. पुढचे दोन क्षण मला अंबडची गच्ची दिसली, साली दिसल्या, ऊन दिसलं. स्वप्नात असतो तसं सगळं मऊ झालं होतं.

मग तो बोलू लागला. आवाज सभ्य होता, भाषा शिकलेली. त्याच्या घरी माझा बायोडाटा आला होता. त्यानं मला चार शब्द बोलायची परवानगी मागितली. "मोसंबीच्या बागेतला उजेड हिरवा असतो, असं तुम्ही लिहिलंय ना, ते मला फार आवडलं."

"कुठं लिहिलंय?" मी विचारलं.

तो हसला, खरंच निरागसपणे हसला. "चौकशी तर सगळेच करतात हो लग्नाआधी. लोक किराणा दुकानात विचारतात, शेजारी विचारतात. मी म्हटलं थेट तुम्हालाच वाचावं. कुणाला दाखवलं नाही मी, शप्पथ. पण तुम्ही नावरस नाव आणि जन्मसाल एवढं सोपं ठेवायला नको होतं. दुसऱ्या प्रयत्नात उघडलं."

त्यानं मला उपदेशही केला! मी फोन बंद केला. माझ्या ओल्या हातानं त्याची काच ओली झाली होती, ती मी ओढणीला पुसत राहिले, किती वेळ कोण जाणे. समोरच्या गुंडाळ्यांवर आकडे लिहिलेले होते. त्यांचे आईबाप कोण ते अजूनही माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

संगणक विभागातल्या एका मॅडमनी मला शेजारी बसवून सगळं केलं. सगळ्या यंत्रांवरून खातं बाहेर काढलं, मोबाईलवर कोड येणारी ती कटकट सुरू केली, तात्पुरता काहीतरी अगम्य पासवर्ड दिला. पाऊण तासाचं काम. त्या म्हणाल्या, झालं, आता निर्धास्त राहा. खातं सुरक्षित झालं, यात शंका नाही. पण संध्याकाळी खिडकीत बसून मी एक जुनं पत्र उघडलं तर ते मला वाचताच येईना. प्रत्येक ओळ मी त्याच्या डोळ्यांनी वाचत होते. आईबद्दलचं ते वाक्य त्यानं वाचलं. सहकाऱ्याच्या आवाजाबद्दलचं वाचलं. 'फार आवडलं' म्हणाला. मी नवीन लिहायला घेतलं आणि पहिल्याच शब्दाला थांबले, कारण मला ठाऊक होतं की आता मी ते कुणीतरी वाचेल म्हणून लिहीन. लग्न जमो न जमो, नोकरी राहो न राहो, त्याची मला एवढी भीती नव्हती. पण एकटीनं बसून स्वतःशी बोलायची माझी जागा जर गेली, तर मी कुठं जाणार होते?

शनिवारी आष्टीला गेले आणि बाबांना सांगितलं. ते अंगणात पेपर वाचत होते. सगळं ऐकून म्हणाले, "वाचलं तर वाचलं. त्यात काय वंगाळ लिहिलं व्हतं का? स्थळ तर चांगलं दिसून राह्यलं."

मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, "बाबा, त्यानं मला त्या नावानं हाक मारली."

बाबांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढला. एकदम हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

ते उठून आत गेले. त्या मुलाकडं नकार त्यांनी त्याच दिवशी कळवला, पोलिसांत तक्रारही देऊन आले आणि त्या माणसाचा फोन पुन्हा आला नाही. पण बाबांचं समाधान झालं नाही. ग्रुपवर त्यांनी अर्जाच्या भाषेत विनंती टाकली की सदर बायोडाटा सर्वांनी खोडावा. त्यावर सव्वीस लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि तिघांनी तोच बायोडाटा पुन्हा पुढं पाठवला. तेव्हा बाबांनी ठरवलं की हे काम समक्षच करायचं.

मास्तरच ते. कापडी पिशवीत पाण्याची बाटली, डबा आणि कुणाकुणाला पाठवला त्यांची यादी घेऊन ते एस.टी.नं निघाले. परतूर, मंठा, जालना, अंबड. दारात उभं राहायचं, चहाला नाही म्हणायचं आणि म्हणायचं, "जरा मोबाईल काढा. पोरीचा कागद हाये त्यात, माझ्यासमोर खोडा." मग शेजारी वाकून पाहायचे, आणि खोडल्यावर यादीत नावापुढं बरोबरची खूण करायचे, वह्या तपासल्यासारखी. लोकांनी वेड्यात काढलं. काहींना वाटलं पोरीचं परस्पर जमलं. मी सांगत होते की बाबा, असं संपणार नाही, एकाकडून दहांकडं गेलेलं असतं. ते म्हणाले, "माहीत हाये मला. पन मी वाटत गेल्तो ना, मंग गोळा करत बी मलाच जावं लागन." त्या दिवसापासून बाबांवरचा माझा राग गेला. गेला म्हणजे शोधूनही सापडला नाही.

आत्याला सांगायची हिंमत मला महिनाभर झाली नाही. सांगितलं तेव्हा तिचं मशीन थांबलं. तिनं आधी बाबांचा उद्धार केला, त्यांची बहीण म्हणून तिला तो हक्क होता. "लेकराचं नाव छापून वाटलं ह्यानं! सत्यनारायणाचा परसाद हाय का तो?" मग माझ्याकडं पाहत राहिली. मी म्हटलं, आत्या, मला आता लिहायला जमत नाही. कशाबद्दल लिहिते ते तिनं विचारलं नाही. तिनं कधीच विचारलं नाही.

तिनं दार लोटून घेतलं. मला मशीनपुढच्या स्टुलावर बसवलं, माझ्या कानावरचे केस बाजूला केले आणि डोळे मिटून उभी राहिली. बाहेरून एस.टी.चा हॉर्न आला, कुणाच्या तरी घरी कुकर वाजला. आत्या विचार करत होती. मग तिनं दोन्ही हातांचा आडोसा केला. तिच्या बोटांना कापडावर खुणा करायच्या खडूचा वास होता. तिनं मला दुसरं नाव दिलं, तिशीला टेकलेल्या बाईला, पुन्हा एकदा.

"अक्षर बघितलं न्हाई, पत्रिका बघितली न्हाई," ती म्हणाली. "मनाला आलं ते देलं. तुझ्या बापाला बी सांगायचं न्हाई. आन् त्या मशीनला तर बिलकुल सांगायचं न्हाई."

"मंग पासवर्ड काय ठेवू?"

मला वाटलं हा शब्द तिला समजणार नाही. तिनं पायाशी पडलेली चिंध्यांची पिशवी माझ्याकडं सरकवली. "ह्याच्यातून चार काढ. एकमेकीला न जुळणाऱ्या."

मी काढल्या. कशाकशाच्या होत्या ते सांगणार नाही, कारण त्यांवरून सुचलेल्या चार शब्दांनी आजही माझं एक खातं बंद आहे. प्रत्येक खात्याला मी वेगळ्या चार चिंध्या काढल्या. कुलपाला कुलपाच्या लायकीचं द्यायचं असतं. नाव ही कुलपाला द्यायची वस्तूच नव्हती, हे मला तिथं स्टुलावर बसून कळलं.

लगेच लिहायला आलं असं नाही. पण एका संध्याकाळी खिडकीतल्या कोमट उन्हात बसले असताना मी मनात ते नवं नाव म्हटलं, आणि जिन्यावरून कुणीतरी माझ्यासोबत उतरतंय असं पुन्हा वाटलं. या वेळी ती मुलगी नव्हती, माझ्यासारखीच थोडी थकलेली बाई होती. मी फोन बाजूला ठेवला आणि वहीत लिहिलं. दोन ओळी. रडलेही थोडी.

लग्न माझं झालं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती इथं लिहायची गरज नाही. मोरपंखी ब्लाऊजमधली मुलगी अजून फिरते आहे. वर्षातून एकदोनदा तिच्यासाठी फोन येतो, तिचं वय अजून सत्तावीसच आहे. आत्या दोन वर्षांपूर्वी गेली. मापांची वही तिनं आधीच बंबात घालायला लावली होती, माझ्याच हातानं. ती गेली तेव्हा मला उमगलं की ते दुसरं नाव आता जगात फक्त मलाच ठाऊक आहे. मी खूप दिवस त्याच्या एकटेपणात वावरत होते.

यंदा थंडीत भावाला मुलगी झाली. बारसं आष्टीला. आता आत्या मी. पाळण्यावर फुलांच्या माळा, आणि पाळण्याभोवती माणसांपेक्षा फोन जास्त. पुण्याची मावशी व्हिडिओ कॉलवर, बाळाचं फोटोंचं खातं आदल्या दिवशीच उघडून झालेलं, त्याला दीडशे लोक जोडलेले. पाळण्याच्या कठड्याला भावानं करंगळीएवढा माइक अडकवला होता.

"ताई, जरा त्याच्याकडं तोंड करून बोल. कानातलं बी येऊ दे व्हिडिओत, आठवन राहती. आन् मला मेसेज कर, स्पेलिंगसहित. तिचं ईमेल उघडून ठेवलंय, पासवर्डला तेच टाकतो."

भाऊ माझा वाईट नाही. तो बापाच्या आनंदात होता. पण मी त्या पाळण्यातल्या दोन वितीच्या जिवाकडं पाहिलं. हिला अजून स्वतःची मूठ आपली आहे हे ठाऊक नाही, आणि हिचं सगळं वाटून झालंय. एक गोष्ट उरली होती. ती माझ्या हातात होती, आणि सगळे फोन रोखून वाट पाहत होते. मी माइक काढला आणि भावाच्या हातावर ठेवला. कुजबुज सुरू झाली.

तेव्हा मागून बाबा उठले. आता काठी लागते त्यांना. भिंतीवरच्या खुंटीची ती कापडी पिशवी काढून ते एकेकापुढं जाऊ लागले. "टाका ह्यात. दोन मिन्टं. देतो परत." पोरांनी टाकले, सुनांनी टाकले, पुण्याची मावशी बोलता बोलता पिशवीत गेली. भावानं सगळ्यात शेवटी टाकला. बाबा पिशवी छातीशी धरून दाराबाहेर अंगणात जाऊन उभे राहिले, पाठ करून. आतून कुणीतरी म्हटलं, आजोबा, तुम्ही तरी थांबा. ते तिथूनच म्हणाले, "मी एकदा ऐकलेलं पुरं झालं."

मी पाळण्यावर वाकले. मी पत्रिकेतलं अक्षर काढून आणलं होतं, नावही ठरवून आणलं होतं. पण हातांचा आडोसा केला, त्या इवल्या कानाजवळ तोंड नेलं, आणि माझ्या तोंडून ते आलंच नाही. आलं ते आत्यानं मला दिलेलं. खडूचा वास असलेलं. दोन वर्षं माझ्या एकटीजवळ होतं, ते मी तिला देऊन टाकलं. बाळानं डोळे उघडले, बहुतेक माझा श्वास लागला म्हणून. मग मी मागे सरकून तिचं जगाचं नाव मोठ्यानं म्हटलं, पाठीत धपाटे बसले आणि घुगऱ्यांच्या वाट्या फिरू लागल्या.

जेवणं झाल्यावर भाऊ हळूच जवळ आला. "मला तरी सांग, ताई. बापाला तर सांगायचं असतं ना."

"असायचं," मी म्हटलं. "आता दहा वर्षांनी तिलाच विचार. तिला वाटलं तर सांगेल."